संभाव्य पुनरावृत्ती

बत्तीस वर्षं मी हॅन्कॉकच्या पोस्टात पत्रं लावली.
चुकीच्या नावांची बरोबर दारं मला पाठ होती.
‘मकी’ म्हणजे मॅकी, लाकडी सॉनाच्या मागचं घर,
‘हेकला’ म्हणजे हेइक्किलांची थोरली,
आणि ज्यावर नुसतं ‘पायवी, टेकडी’ असायचं
तेही संध्याकाळच्या आत पोचायचं.

निवृत्त झाले तेव्हा बहिणीच्या डॅरिलनं
संगणकात वंशावळीचं सॉफ्टवेअर घालून दिलं.
म्हणाला, व्हिएनो मावशी,
आता मेलेल्यांचं टपाल लाव.

पहिला चौकोन: मुख्य नाव.
एकच.
त्याखाली, बारीक अक्षरांत: इतर नावं.

आजोबा त्या चौकोनात मावेनात.
रिंता मळ्यावर जन्मले म्हणून कुस्ता रिंता.
पाद्र्यानं वहीत लिहिलं गुस्ताफ मॅट्सन,
कारण बाप मत्ती,
आणि त्या काळी देवाला बहुधा स्वीडिशच कळायचं.
मग कूळ होऊन यॅर्वींच्या मळ्यावर गेले, यॅर्वी झाले.
तिकडे जमीन माणसाला नाव द्यायची
आणि त्यानं बिऱ्हाड हलवलं की
किल्लीसारखं परत मागून घ्यायची.
हे एक नाव मात्र ते परत न करता बोटीत बसले.

यॅर्वी म्हणजे तळं.
आमच्या लिपीत त्यातल्या स्वरावर दोन ठिपके असतात.
तांब्याच्या खाणीतल्या कारकुनापाशी
ठिपक्यांएवढाही वेळ नव्हता.
जार्वी. जार्विस. जॉर्वे.
एका पगारपत्रकात नुसतं ‘गस, क्रमांक ४११’.
कारकुनानं नाव ठेवलं
आणि सान्ना आजीनं त्या कारकुनाला
जन्मभर नावं ठेवली.

सॉफ्टवेअर विचारत गेलं: हीच ती व्यक्ती?
मी म्हणत गेले: हो. हो. हा पण तोच.
सात माणसांचा एक म्हातारा झाला
आणि मला फार हुशार वाटायला लागलं.

रात्री पावणेबाराला पडद्यावर आलं:
हिल्या यॅर्वी, जन्म १९०३.
हिल्या जार्वी, जन्म १९०५.
आई-वडील तेच. गाव तेच. जुळणी ९६ टक्के.
संभाव्य पुनरावृत्ती. एकत्र करू?

दोन वर्षांचा फरक तो काय.
लोक वय सांगायचे अंदाजानं,
लिहिणारे लिहायचे त्याहून अंदाजानं.
माझं बोट माऊसवर टेकलंही होतं.

पण पोस्टातली सवय, पाकीट उलटून बघायची.
चर्चच्या वहीचं मागचं पान, दफनांचं,
पेन्सिलीनं:
हिल्या, कुस्ताची, सात महिने, डांग्या खोकला.
पेटी खाणीच्या सुतारानं केली. पैसे घेतले नाहीत.

दुसरी हिल्या म्हणजे माझी आई.

तेच नाव. पाळणाही बहुतेक तोच,
दोन वर्षांत कोण नवा करतंय.
हिल्या म्हणजे शांत, गप्प.
आई कधीच गप्प नव्हती, भांडी घासतानाही भांडायची.
आजी तिला हाक मारायची ती दोनदा.
हिल्या.
मग थोडं थांबून, हिल्या.
आम्हाला वाटायचं, आईला कमी ऐकू येतं.

मी दाबलं: नाही, या वेगळ्या व्यक्ती आहेत.
त्यानं विचारलं: ही सूचना पुन्हा दाखवायची नाही ना?
त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.
उठून कॉफी ठेवली, एवढ्या रात्री,
आणि उभ्यानंच प्यायले.

मग पहिलीचं पान उघडलं.
मुख्य नाव: हिल्या यॅर्वी,
ठिपक्यांसकट, एकाच हातचं, एकदाच.
इतर नावं: रिकामं.
तिचं नाव चुकवायला
कुणाला सवडच मिळाली नव्हती.

खाली लाल अक्षरांत अजून येतंय,
माहिती अपूर्ण.